सेन्सर मुलाच्या दंडावर, आकडा आईबाबांच्या फोनवर

टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाच्या दंडावर सेन्सर बसला की घरात दोन गोष्टी एकदमच येतात: सतत हलणारा आकडा, आणि तो बघून काहीतरी बोलायची आईबाबांची सवय. आकडा कसा वापरायचा हे शिकता येतं. बोलण्याला आवर घालणं जास्त अवघड असतं, आणि बारा ते अठरा या वयात सेन्सर दंडावर टिकणार की मूल तो लावायलाच नकार देणार, हे बरंचसं त्यावर ठरतं. खाली दोन्ही बाजू आहेत. इन्सुलिनचे डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलेच. इथले आकडे त्यांच्याशी बोलताना हाताशी असावेत म्हणून. शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत, म्हणजे आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर असतात तसेच.

सेन्सर नेमकं काय मोजतो

सेन्सर रक्त मोजत नाही. त्वचेखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो, त्यातलं ग्लुकोज मोजतो. रक्तातला बदल तिथे पोचायला साधारण ५ ते १५ मिनिटं लागतात. शुगर स्थिर असेल तर हा फरक जाणवत नाही. ती भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा बोट टोचून आलेला आकडा आणि सेन्सरचा आकडा यांत चांगलंच अंतर पडतं, आणि त्यात दोष कोणाचाच नसतो.

ताळा करायचा असेल तर बाण आडवा असताना करा. शुगर १०० च्या खाली असेल तर २० अंकांपर्यंत, आणि वर असेल तर २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घ्यावा. त्याहून जास्त फरक सलग दोन-तीनदा आला तर त्या सेन्सरवर विसंबू नका. कंपनीच्या हेल्पलाइनला कळवा. सदोष सेन्सर बऱ्याचदा बदलून मिळतो. त्यासाठी खोक्यावरचा सिरीयल नंबर लागतो, म्हणून सेन्सर संपेपर्यंत खोकं टाकू नये.

आकड्यापेक्षा बाण महत्त्वाचा. फ्रीस्टाइल लिब्रे या सेन्सरमध्ये (पुढे नुसतं ‘लिब्रे’) आडव्या बाणाचा अर्थ मिनिटाला १ पेक्षा कमी बदल, तिरप्याचा अर्थ १ ते २, आणि सरळ उभ्याचा अर्थ २ पेक्षा जास्त. १२० आणि आडवा बाण असेल तर मूल निवांत क्लासला जाऊ शकतं. १२० आणि सरळ खाली बाण असेल तर वीस मिनिटांत ते ८० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली असेल. हे गणित मुलाला स्वतः करता आलं पाहिजे. डोस बदलण्याआधी शिकवायची गोष्ट हीच.

लावताना

लिब्रे दंडाच्या मागच्या, मांसल भागावर लावायचा. पुढच्या स्नायूवर नाही, आणि इन्सुलिन जिथे टोचतो तिथेही नाही. दर वेळी दंड बदला. सेन्सर निसटण्याचं आपल्याकडचं मोठं कारण तेल आणि घाम. लावायच्या दिवशी अंगाला तेल, लोशन काही नको. क्रम असा:

१. साध्या, मॉइश्चरायझर नसलेल्या साबणाने दंड धुवा आणि पुसून कोरडा करा.
२. स्पिरिटच्या पुसणीने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. फुंकर मारू नका. ओल्यावर लावलेला सेन्सर लवकर सुटतो.
३. अॅप्लिकेटर सरळ धरून एका दमात दाबा, दोन-तीन सेकंद तसाच धरा, मग हळूच ओढून घ्या.
४. कडेची चिकटपट्टी बोटाने गोल फिरवत दाबून बसवा.

थोडं रक्त आलं तर घाबरू नका. ते थांबत नसेल तर सेन्सर काढून दुसरीकडे नवा लावावा लागतो. वरून जादा पट्टी लावणार असाल तर सेन्सरच्या मधलं बारीक छिद्र उघडं राहिलं पाहिजे. चौकटीला दंड आपटणं आणि पाठीवरच्या सॅकचा पट्टा ओढला जाणं, हे सेन्सर उखडण्याचे नेहमीचे प्रकार. सॅक अडकवताना सेन्सर नसलेल्या हाताने सुरुवात करायची सवय लावावी. दिवाळीतल्या अभ्यंगाला सेन्सरच्या भोवतालचा चारेक बोटं भाग कोरडा ठेवावा. काढताना मात्र तेलच कामाला येतं: कडेने खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, पट्टी कातडी न ओढता सुटते. पट्टीखाली खाज, लाल चट्टे, पुरळ उठत असेल तर ती चिकटद्रव्याची अॅलर्जी असू शकते, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मूल सांगत नाही, खाजवत राहतं.

पहिल्या दिवशीचे आकडे अनेकदा चुकतात, बहुतेक वेळा खरे असतात त्यापेक्षा कमी दाखवतात. यावर एक सोपी युक्ती आहे. जुना सेन्सर संपायच्या आदल्या संध्याकाळी नवा दुसऱ्या दंडावर लावून ठेवायचा, पण सुरू करायचा नाही. सकाळपर्यंत जागा स्थिरावते. लिब्रेचे चौदा दिवस सुरू केल्यापासून मोजले जातात, त्यामुळे दिवस वाया जात नाही.

लिब्रे एक मीटर खोल पाण्यात अर्ध्या तासापर्यंत चालतो. आंघोळ, पाऊस याची काळजी नको, पोहणं मोजून. आणि एक गोष्ट औषधाच्या दुकानदाराला सहसा ठाऊक नसते: क जीवनसत्त्व दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं तर लिब्रे खोटी जास्त शुगर दाखवू शकतो. सर्दी झाली की घरोघरी चघळायला देतात त्या गोळ्या बहुधा ५०० च्याच असतात. दिवसात दोन झाल्या की मर्यादा ओलांडली. खऱ्या लो शुगरवर त्यामुळे पडदा पडू शकतो.

अलार्म: कोणाला, किती वाजता, कशासाठी

लिब्रेच्या पहिल्या पिढीत अलार्म नाही. फोन किंवा रीडर (सेन्सरचा आकडा वाचणारं छोटं यंत्र) जवळ नेऊन स्कॅन करावं लागतं आणि सेन्सरमध्ये फक्त ८ तासांचा डेटा साठतो. रात्री दहाला स्कॅन करून सकाळी सातला उठलं की दहा ते अकराच्या आलेखात भोक पडतं. त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये ब्लूटूथवर अलार्म येतो, पण फोन साधारण सहा मीटरच्या आत हवा. मूल मैदानात आणि फोन वर्गात, म्हणजे अलार्म नाही.

अलार्म न वाजण्याचं कारण बहुतेकदा फोनमध्येच सापडतं. आपल्याकडचे बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अॅप बंद करून टाकतात. सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपची बॅटरीची बंधनं काढा, नोटिफिकेशन आणि लोकेशनची परवानगी द्या, ‘डू नॉट डिस्टर्ब’ असतानाही आवाज येईल अशी सोय करा. फोनचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट होणं बंद ठेवा. नवं व्हर्जन आलं की अॅप काही दिवस रुसतं.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही फोनवर एकच मर्यादा ठेवू नका. मुलाच्या फोनवर लो ७५ आणि हाय २५० ठेवली, तर पालकाच्या फोनवर लो ६५ आणि हाय ३०० पुरते. मधला पट्टा मुलाचा. ७५ चा अलार्म वाजला, त्याने ग्लुकोज घेतलं आणि शुगर वळली, तर तुम्हाला काही कळायची गरजच नाही. मर्यादा सारखी ठेवली की मुलाचा हात खिशात जायच्या आत आईचा फोन येतो, आणि महिन्याभरात मूल स्वतःचा अलार्म ऐकायचं सोडून देतं. आई करेलच की फोन!

हा करार कागदावर लिहून फ्रिजवर लावा, मुलाच्या सहीसकट:

– ६५ च्या खाली गेल्यावर मूल दहा मिनिटांत ‘घेतलं’ एवढाच मेसेज करेल.
– मेसेज आला नाही तर पालक एकदा फोन करतील. उचलला नाही तर वर्गशिक्षक किंवा ठरवलेला मित्र.
– ५५ च्या खाली आकडा आणि बाण खाली असेल तर मेसेजची वाट न बघता थेट फोन.
– हायसाठी शाळेच्या वेळेत फोन नाही. ३०० च्या वर दोन तास राहिली तरच मेसेज.
– आकड्याबद्दल पाहुण्यांसमोर, गाडीत भावंडांसमोर, जेवणाच्या पानावर चर्चा नाही.

शेवटचं कलम मुलं स्वतःहून घालतात. त्यावर वाटाघाटी करू नका.

मूल दारातून आत आलं की पहिला प्रश्न ‘किती आहे?’ असू नये. आकडा तुमच्या फोनवर आहेच. तो माहीत असून विचारणं मुलाला उलटतपासणी वाटतं. ‘काय खाल्लंस?’ हा त्याहून वाईट, कारण त्याचं खरं उत्तर दिलं की बोलणी बसतात हे मूल दोन वेळांत शिकतं आणि तिसऱ्यांदा खोटं सांगतं. त्याऐवजी ‘२८० दिसतेय, तुझा काय विचार आहे?’ असं विचारा. ‘चांगली’ आणि ‘वाईट’ शुगर हे शब्दही टाळा; जास्त, कमी, टप्प्यात एवढे पुरेत. साखर परीक्षेतल्या मार्कांसारखी रोज मोजली गेली की मूल कॉपी करायला लागतं: सेन्सर काढतं, फोन घरी विसरतं, शेअरिंग बंद करतं.

लो झाल्यावर सेन्सर फसवतो

७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. उपाय: वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज. ४० किलोच्या मुलाला १२ ग्रॅम, ५० किलोच्याला १५. चमच्याचा अंदाज घरोघरी वेगळा, म्हणून एकदाच वजनकाट्यावर ग्लुकोज पावडर मोजून छोट्या पुड्या करा: दप्तरात दोन, कंपासपेटीत एक, उशाशी एक. पावसाळ्यात पुडी ओली होऊन दगड बनते. दर महिन्याला बदला. चॉकलेट, बिस्किट, पेढा नको. त्यातलं तूप-चरबी साखर पोचायला उशीर लावते.

ग्लुकोज घेतल्यावर पंधरा मिनिटांनी बोट टोचून बघा. इथे सेन्सर बघू नका. तो मागून चालतो, त्यामुळे रक्तातली शुगर ९५ वर आली तरी तो ५८ दाखवत असतो. ते बघून घाबरलेली आजी अजून एक लाडू देते, मग केळं, आणि तासाभराने २८०. लोनंतरचे उंच डोंगर बऱ्याचदा असेच घडलेले असतात.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा. कुशीवर वळवा, ग्लुकॅगॉन (शुगर झटकन वाढवणारं इंजेक्शन) असेल तर द्या (२५ किलोच्या वर पूर्ण १ मिलिग्रॅम), आणि १०८ ला फोन करा. ग्लुकॅगॉन आपल्याकडे प्रत्येक दुकानात मिळत नाही. डॉक्टरांकडून आधीच सोय करून घ्या आणि त्यावरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रात्री दोनला ५० चा अलार्म वाजला आणि मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलेलं असेल, तर तो दाबाचा लो असण्याची शक्यता मोठी. सेन्सर अंगाखाली दाबला गेला की तिथला द्रव हटतो आणि आकडा एकदम कोसळतो. कूस बदलायला लावा आणि बोट टोचा. कमी असेल तर उपाय, नसेल तर पांघरूण. आलेखात अचानक उभी दरी आणि तशीच उभी परत चढण दिसली तर ती बहुधा हीच. त्या दरीवरून रात्रीचं इन्सुलिन कमी करू नका.

संध्याकाळी कबड्डी, फुटबॉल, पोहणं झालं असेल तर खरा लो पहाटेही येऊ शकतो, कारण स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात. अशा दिवशी रात्रीचा डोस आणि झोपतानाचं खाणं याबद्दल डॉक्टरांनी दिलेली वेगळी सूचना हवी. ती लेखी घ्या.

जेवण आणि आलेख

जेवणानंतर उंच सुळका दिसला तर पहिला संशय इन्सुलिनच्या वेळेवर घ्या, मग डोसवर. जलद इन्सुलिन जेवणाआधी १५ ते २० मिनिटं घेतलं तर तेच पोहे, तोच डोस, आणि सुळका कितीतरी बुटका. शुगर ८० च्या आसपास असेल तर मात्र थांबू नये.

दुसरी गोष्ट कर्बोदकांची मोजणी. स्वयंपाकघरात डिजिटल काटा ठेवा. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं, ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४० च्या आसपास, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८, ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ३८, तेवढ्याच कोरड्या साबुदाण्यात ४३-४४. भाकरी ‘शुगरला चांगली’ म्हणून दोन वाढल्या जातात आणि कर्बोदकं चार पोळ्यांएवढी होतात, हे सेन्सर लगेच दाखवतो. उपासाच्या दिवशी खिचडीचंही तेच. वडापाव, पिझ्झा यांचा प्रकार वेगळा: चरबीमुळे शुगर तीन ते सहा तासांनी चढते. मित्रांबरोबर आठला खाल्लेलं मध्यरात्री दिसतं.

या वयातली सगळ्यात घातक चूक म्हणजे डोसवर डोस. जेवल्यावर तासाने २६० दिसते, मूल घाबरून वाढीव डोस घेतं, आधीचं इन्सुलिन अजून काम करतच असतं, आणि अकराला ५५. जलद इन्सुलिन ३ ते ५ तास अंगात असतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर मागच्या डोसनंतर तीन तासांच्या आत दुरुस्तीचा डोस नको.

वयात येताना वाढीच्या हार्मोन्समुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्यामुळे डोस काही महिन्यांत बराच वाढू शकतो. पहाटे तीन-चारनंतर चढणारी शुगर, पाळीच्या आधीचे काही दिवस चढे आकडे, परीक्षेच्या ताणाने आलेला चढ, यात मुलाची चूक नसते. आलेखावर पाळीच्या तारखांची खूण मुलीनेच करावी. दोन-तीन महिन्यांत नमुना दिसतो.

आठवड्यातून एकदा

रोजच्या आकड्यांवर न बोलण्याची भरपाई म्हणून रविवारी वीस मिनिटं. रिपोर्ट मुलाने उघडायचा. बघायचं एवढंच: ७० ते १८० च्या टप्प्यात किती वेळ (७० टक्क्यांच्या वर असावा असं उद्दिष्ट), ७० च्या खाली किती (४ टक्क्यांच्या आत), ५४ च्या खाली (१ टक्क्याच्या आत). आज ४५ टक्के असेल तर पुढचं उद्दिष्ट ५० ठेवा. दिवसातले पाच टक्के म्हणजे एक तास बारा मिनिटं. ती कमाई लहान नाही. एका आठवड्यात एकच बदल करायचा, उदाहरणार्थ फक्त नाश्त्याचं इन्सुलिन लवकर.

दुपारी रोज एकाच वेळी भिंतीसारखी सरळ चढण दिसत असेल तर शाळेतला डोस चुकतोय. विचारताना ‘डब्याच्या वेळी टोचायला जागा मिळते का?’ असं विचारा. उत्तर अनेकदा स्वच्छतागृहाशी किंवा कोणाच्यातरी टोमण्याशी जाऊन भिडतं. डोस वारंवार चुकताहेत, वजन उतरतंय, आणि मूल आरशाबद्दल फार बोलतंय, असं तिन्ही जुळलं तर ते बारीक होण्यासाठी मुद्दाम इन्सुलिन टाळत असू शकतं. हे शिस्तीचं प्रकरण नाही. डॉक्टर आणि समुपदेशक दोघांकडे, लगेच.

आजारपण

मूल जेवत नाही म्हणून बेसल (जेवणाशी संबंध नसलेलं, दिवसभर पुरणारं) इन्सुलिन बंद करायचं नाही, कधीच. शुगर २५० च्या वर टिकली किंवा उलटी झाली की कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी आम्लं) तपासा. रक्तातले कीटोन (मिलिमोल प्रति लिटरमध्ये) ०.६ च्या खाली ठीक, १.५ च्या वर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर थेट रुग्णालय. लघवीच्या पट्ट्या चालतात, पण डबी उघडल्यावर त्या काही महिन्यांतच बाद होतात. पोटदुखी, उलट्या, खोल भराभर श्वास, तोंडाला फळासारखा वास: यावेळी सेन्सर काहीही दाखवो, घरी थांबू नका. सेन्सर कीटोन दाखवत नाही.

शाळा आणि परीक्षा

शाळेला वर्षाच्या सुरुवातीला एक पान द्या: लोची लक्षणं, पुडी कुठे आहे, कोणाला फोन. सेन्सर म्हणजे काय तेही लिहा, नाहीतर कोणीतरी ‘हे स्मार्टवॉचसारखं काहीतरी’ म्हणून काढायला सांगतं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना लिहिलेल्या पत्रात टाइप-१ असलेल्या मुलांना वर्गात शुगर तपासणं, इन्सुलिन घेणं, मधलं खाणं यांची मुभा द्यावी, परीक्षेत सेन्सर व इन्सुलिनचा पंप अंगावर राहू द्यावा आणि सेन्सरचा आकडा वाचायला लागणारा फोन पर्यवेक्षकाकडे ठेवावा, असं म्हटलं आहे. त्या पत्राची प्रत अर्जाला जोडा. दहावी-बारावीसाठी शाळेमार्फत मंडळाकडे लेखी परवानगी काही महिने आधीच मागा, आणि डॉक्टरांच्या दाखल्यात सेन्सरचं नाव, जागा आणि तो काढता येत नाही हे स्पष्ट असू द्या. प्रवेश परीक्षांना झडती कडक असते. केंद्रावर तासभर आधी पोचा.

सलग परवडत नसेल तर

वर्षभर एकामागून एक सेन्सर लावणं बऱ्याच घरांना झेपत नाही. मग ते नेमून वापरा: डॉक्टरांच्या भेटीआधीचे चौदा दिवस, डोस बदलल्यावर, शाळेचं वेळापत्रक बदलल्यावर, परीक्षेच्या काळात. मधल्या दिवसांत बोट टोचून रोज किमान चार वेळा. मधे सेन्सर नसणार हे मुलाला आधीच सांगा आणि त्या काळात आकडे वहीत लिहिण्याचा आग्रह थोडा सैल ठेवा.

वसतिगृहात जाताना

अकरावीला किंवा त्यानंतर मूल बाहेर राहणार असेल तर निदान सहा महिने आधी उलटी तालीम करा: सेन्सर मागवणं, लावणं, हेल्पलाइनशी बोलणं, औषधं संपत आल्याचं लक्षात ठेवणं, हे सगळं त्याने करायचं आणि तुम्ही बघायचं. खोलीत फ्रिज नसेल तर वापरातलं पेन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात, बंद डब्यात ठेवावं. राखीव साठा मेसच्या किंवा रेक्टरच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

दारूबद्दल जाण्याआधीच बोला, उपदेश न करता: दारू यकृताकडून येणारी साखर अडवते, लो कित्येक तासांनी, झोपेत येतो, आणि त्यावेळी ग्लुकॅगॉनही नीट काम करत नाही. सोबतच्या मुलांना नशा आणि लो यांत फरक ओळखू येत नाही, म्हणून खोलीतल्या एका मित्राला पुडी आणि बोट टोचायचं यंत्र दाखवून ठेवायला सांगा. आकडे बघण्याची परवानगी मूल अॅपमधून देतं आणि तेच काढूनही घेऊ शकतं. त्या मित्राला मुलाने लोच्या अलार्मपुरतं जोडून घ्यावं. तो त्याच इमारतीत आहे, तुम्ही दोनशे किलोमीटरवर. तुमच्या फोनवरची लोची मर्यादा तेव्हा अॅप देईल तितकी खाली आणा आणि हायचा अलार्म बंद करा.